तुरुंगातली गोळी आणि गावाचा जामीन

मागच्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात एका गावी मी एका मुलासाठी जामीनदार शोधायला गेलो होतो. मुलगा सत्तावीस वर्षांचा. द्राक्षाच्या हंगामात रात्रीच्या रात्री वाशी मार्केटला टेम्पो नेणारा, आणि तिकडेच कधीतरी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगर या अशुद्ध हेरॉइनच्या, नादी लागलेला. दोन ग्रॅमच्या आतली ब्राउन शुगर त्याच्या खिशात सापडली होती. न्यायालयाने जामीन मंजूर करून तीन आठवडे उलटले होते, तरी तो आतच होता, कारण सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन न्यायालयात उभा राहायला गावातला एकही माणूस तयार नव्हता. त्याची आई माझ्याबरोबर मारुतीच्या पारापर्यंत आली आणि पाराच्या अलीकडेच थांबली.

पारावर सात-आठ जण बसले होते. त्यांनी मला पाणी दिले, चहा सांगितला आणि मग शांतपणे नकार दिला. एक जण म्हणाले, "वकीलसाहेब, आत आहे तेच बरं आहे. सहा महिने आत राहिला म्हणजे अंगातलं सगळं निघून जाईल." मी सांगितले, की तो सुटला की त्याला डॉक्टरांकडे नेऊन रोजचे औषध सुरू करायचे ठरले आहे. त्यावर गळ्यात तुळशीची माळ असलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पावडर सोडायची आन् सरकारी पावडर धरायची. मग सुटलं काय?"

हाच प्रश्न मी त्यानंतर पोलिसांकडून ऐकला, न्यायालयाच्या आवारात सहकारी वकिलांकडून ऐकला आणि खुद्द रुग्णांच्या भावाबहिणींकडूनही ऐकला. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटते. गर्द, अफू, कोडीन, ट्रॅमाडॉल अशा अफूच्या जातीच्या पदार्थांच्या आहारी गेलेला माणूस पोलिसांच्या ताब्यात आला, की त्याच दिवसापासून त्याचे औषध सुरू झाले पाहिजे, तुरुंगात ते चालू राहिले पाहिजे आणि सुटल्यावर ते त्याला गावाजवळ मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे घडण्याच्या आड कायदा फारसा येत नाही आणि औषधही दुर्मिळ नाही. आड येते ती आपली समजूत. ती समजूत अडाणी आहे असे म्हणून बाजूला सारणे सोपे असले तरी त्याने काहीच साधत नाही.

गावाचा राग खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्या घरात गर्द शिरते त्या घरातली भांडी आधी जातात, मग दागिने जातात आणि मग शेजाऱ्याच्या विहिरीवरची केबल जाते. ऐन उन्हाळ्यात, बागेला पाणी द्यायच्या वेळी रात्रीतून कोणी केबल कापून आतले तांबे भंगारात विकले, तर त्या शेतकऱ्याचे नुकसान केबलच्या किमतीत मोजता येत नाही. माझ्या त्या मुलावरही गावाचा असाच संशय होता. त्यामुळे "आत आहे तेच बरं" हे वाक्य क्रूरपणातून आलेले नव्हते. पोलिसांत तक्रारी करून थकलेल्या आणि त्या आईची दशा वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसांना तुरुंगाच्या भिंतींत थोडी उसंत दिसत होती.

चूक आहे ती पुढच्या अर्ध्या वाक्यात, "अंगातलं सगळं निघून जाईल" या भरवशात.

अफूच्या जातीचे पदार्थ मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतात, त्या जागा वेदना, श्वास आणि सुखाची जाणीव यांच्याशी बांधलेल्या असतात. अनेक महिने बाहेरून पुरवठा होत राहिला की शरीर आपला सगळा कारभार त्या पुरवठ्यावर बेतून घेते. पुरवठा अचानक तुटला की साधारण आठ-बारा तासांत त्रास सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो टोकाला जातो. याला ती मुले 'टर्की' म्हणतात. अशा अवस्थेतला एक मुलगा मी मुलाखतीच्या जाळीपलीकडे पाहिला आहे. कोणत्या तुरुंगात, ते सांगत नाही. मे महिना होता आणि त्याच्या हातावर थंडीत येतो तसा काटा उभा राहिलेला होता. तो सारखा जांभया देत होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते आणि दर दोन मिनिटांनी पोट धरून वाकत होता. मी वकीलपत्रावर सही मागितली तेव्हा त्याला पेन धरता येईना. त्याला वेदनाशामक गोळी आणि जुलाब थांबवायचे औषध मिळाले होते, कारण त्याच्या आजारावरचे औषध तिथे ठेवायची पद्धतच नव्हती. त्याच मुलाखतीत तो मला म्हणाला, "साहेब, जे असेल ते कबूल करून टाका, मला इथून काढा." त्या अवस्थेतल्या कबुलीला न्याय म्हणायचे का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, इथे त्याचा फक्त उल्लेख करतो.

आठवडा-दहा दिवसांत हा शारीरिक त्रास ओसरतो, मुलगा जेवू लागतो, त्याच्या अंगावर मांस चढते, आणि भेटायला आलेले घरचे लोक म्हणतात की तुरुंगाने पोरगा सुधारला. पण त्या काळात दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने चाललेल्या असतात. ओढ मेंदूत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकून राहते. पदार्थ पचवण्याची ताकद मात्र काही आठवड्यांतच उतरते. मुलगा सुटतो, जुन्या ठिकाणी जातो, जुन्याच हिशेबाने तेवढीच पावडर घेतो, आणि जी मात्रा पूर्वी त्याला नुसती सावरून धरायची तीच आता त्याचा श्वास थांबवते. म्हणजे सक्तीने पदार्थ तोडण्याच्या काळात तुरुंगाने त्याला बरे केलेले नसते. त्याची मरणाची पायरी तेवढी खाली आणलेली असते.

हा माझा तर्क नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या लोकांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मादक पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट आढळला. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ मध्ये आपल्या तुरुंगांत या आजारावरची तिन्ही मान्यताप्राप्त औषधे, म्हणजे मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन, द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या वर्षी तुरुंगातून सुटलेल्यांचे अतिसेवनाने होणारे मृत्यू ६१ टक्क्यांनी कमी झाले. इंग्लंडमधल्या तुरुंगांच्या अभ्यासात, सुटकेच्या वेळी औषध चालू असलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतले एकूण मृत्यू सुमारे तीनचतुर्थांशाने कमी दिसले. इतक्या स्वस्तात इतके जीव वाचवणारे दुसरे काही तुरुंगाच्या दवाखान्यात असेल असे मला वाटत नाही.

आता माळकरी बाबांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. ब्युप्रेनॉर्फिन हेही अफूच्या जातीचेच औषध आहे, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण गर्द ओढल्यावर काही मिनिटांत नशा चढते आणि काही तासांत उतरते, आणि म्हणून माणूस दिवसभर पुढच्या पुडीच्या मागे असतो. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली हळूहळू विरघळते, मेंदूतल्या त्याच जागा धरून ठेवते, पण त्यांना अर्धवटच चालना देते. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका खूपच कमी राहतो. त्या जागा आधीच भरलेल्या असल्याने वरून गर्द ओढले तरी त्याची पूर्वीसारखी नशा होत नाही. एक मात्रा दिवसभर पुरते. नीट मात्रा बसलेला माणूस झिंगत नाही, पेंगत नाही. तो कामाला जातो, छाटणी करतो, मुलांना शाळेत सोडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला तो यासाठीच. बाबांना "सुटलं काय?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की पुडी सुटली, चोरी सुटली, सुई सुटली आणि मरणाचा धोका बराचसा सुटला. गोळी सुटायला वेळ लागेल. काहींची कदाचित वर्षानुवर्षे सुटणार नाही. ते मी मान्य करतो.

हा प्रश्न आपल्याच मातीतला आहे असेही नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात वेदनाशामक गोळ्यांच्या आणि पुढे हेरॉइन-फेंटानिलच्या साथीने गावेच्या गावे पोखरली. २०२१ या एका वर्षात त्या देशात अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली. तिथेही खेड्यांतले लोक, पोलिस अधिकारी आणि अनेक न्यायाधीश हेच म्हणत आले, की हे एका नशेच्या जागी दुसरी नशा देणे आहे. तिथे काउंटीच्या तुरुंगाचा कारभार बहुतेक ठिकाणी निवडून आलेल्या शेरीफच्या हाती असतो, म्हणजे तुरुंगात कोणते औषध मिळणार हे अखेर त्या भागातल्या मतदारांच्या मनावर ठरते. मेथाडोनसाठी अनेकांना रोज परवानाधारक केंद्रावर जावे लागे, आणि ते केंद्र ग्रामीण भागात कित्येकदा तासाभराच्या प्रवासावर. व्यसनींसाठीच्या खास न्यायालयांतले काही न्यायाधीश तर, औषध बंद केल्याशिवाय कार्यक्रम पूर्ण झाला असे मानणार नाही, असा आदेश देत. मेन राज्यात कॅनडाच्या सीमेला लागून अरूस्टुक नावाची काउंटी आहे, आपल्याकडे लासलगाव कांद्यासाठी तशी ती बटाट्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या एका स्त्रीला चाळीस दिवसांची शिक्षा भोगायची होती आणि तुरुंग तिचे चालू असलेले ब्युप्रेनॉर्फिन द्यायला तयार नव्हता. ती न्यायालयात गेली. २०१९ मध्ये संघराज्य न्यायालयाने अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याच्या आधारे औषध देण्याचा आदेश दिला आणि अपिलातही तो कायम राहिला. चाळीस दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणाला वाटेल. पण त्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत काय होते ते वर आलेच आहे.

आपल्याकडे शेरीफ नाही आणि तुरुंग राज्य सरकारचा आहे, त्यामुळे गावाच्या मताला इथे काही जागा नाही असा समज होऊ शकतो. माझा अनुभव उलट आहे. आपल्या फौजदारी व्यवस्थेत गावाचे मत मतपेटीतून येत नाही, ते जामीनदाराच्या रूपाने येते, पोलिस पाटलाच्या शब्दाने येते, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी चौकशीला येतो तेव्हा शेजारी जे सांगतात त्यातून येते. कायदा पुस्तकात कितीही उदार असला तरी त्याला गावाच्या वेशीवर थांबून विचारावेच लागते.

आणि पुस्तकातला कायदा खरोखरच पुष्कळ उदार आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५ चा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो कडक म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. हेरॉइनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्यालाही, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था घातल्या आहेत, आणि प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असली पाहिजे असे बंधन घातले आहे. ज्याला कायदा आजारी म्हणतो त्याला औषध नाकारण्याचा अधिकार कोणत्या नियमातून येतो, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही.

एक अडचण मात्र कायद्याच्या भाषेतच आहे. कलम ६४ अ चे संरक्षण, उपचार 'पूर्ण' केले नाहीत तर काढून घेता येते. पूर्ण म्हणजे काय? गावाच्या आणि बहुतेक न्यायालयांच्या डोळ्यांपुढे एक महिना-दोन महिने केंद्रात राहून, पदार्थ पूर्ण तोडून, प्रमाणपत्र घेऊन परतलेला माणूस असतो. दोन वर्षे रोज गोळी घेणारा, कामधंदा करणारा माणूस त्यांना अर्धवट वाटतो. वैद्यकाच्या हिशेबाने मात्र तोच उपचार घेत असतो आणि घाईने गोळी तोडलेला बहुतेक वेळा पुन्हा घसरतो. या एका शब्दाचा अर्थ न्यायालयांनी वैद्यकीय मतावर सोडला तरी पुष्कळ काही सुधारेल.

गावाची समजूत जिथून येते ती जागा मला परकी नाही. माझे आजोबा माळकरी होते. पौष वारीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीला जाऊन आलेल्या आणि गळ्यात माळ घालून दारू कायमची सोडलेल्या कितीतरी माणसांची नावे ते सांगत. सप्तशृंग गडावर नेऊन शपथ घालायची, हीही आपल्याकडची जुनी रीत आहे. ज्या समाजाने संकल्पाच्या बळावर माणसे उभी राहिलेली पाहिली आहेत, त्याला रोजची गोळी म्हणजे मनाचा दुबळेपणा वाटणे स्वाभाविक आहे. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, ते गर्दने मुंबई-पुण्यातली पोरे गिळायला सुरुवात केली त्या काळात. मराठी घरांत व्यसनी माणसाला माणूस म्हणून बघण्याची दृष्टी त्या कामाने दिली. तिथला निवासी उपचार, गटातली बोलणी, घरच्यांचा सहभाग यांचे मोल कोणतीही गोळी कमी करू शकत नाही. माझे म्हणणे एवढेच, की संकल्प करायला माणूस जिवंत आणि भानावर असावा लागतो, आणि टर्कीत लोळणाऱ्या माणसाला माळ घालून त्याची परीक्षा पाहणे हा त्या माळेवरही अन्याय आहे.

या दोन वाटा एकमेकींना छेदत नाहीत, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवरून सत्यनारायण गोयंका यांनी जी विपश्यना जगभर नेली, तिचे एक हजाराहून अधिक बंद्यांसाठीचे मोठे शिबिर एप्रिल १९९४ मध्ये तिहारमध्ये झाले. त्याच तिहारमध्ये २००८ साली ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला. बंदी ध्यानाला बसले म्हणून त्यांना औषध नको, असे तिहारने म्हटले नाही. आणि आपणही नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती घरी आणून मखरात बसवतो; बंदी बदलू शकतो यावर नाशिककरांचा विश्वास नाही असे म्हणायला माझे मन धजत नाही.

गावाच्या एका भीतीपुढे मात्र मी स्वतः थांबतो, कारण ती खरी आहे. पारावर एका तरुण सदस्याने विचारले होते, की ही गोळी बाहेर विकली गेली तर? पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्झोन यांची एकत्र गोळी द्यायला सुरुवात केली, लाखो लोक त्याखाली आले आणि तुरुंगांतही ते औषध पोहोचले. तिथेच गोळ्या बाहेर विकल्या गेल्याच्या, खासगी केंद्रांनी हिशेब नीट न ठेवल्याच्या तक्रारीही झाल्या. गोळीत नॅलोक्झोन मिसळतात ते कोणी ती विरघळवून सुईने टोचून घेऊ नये म्हणून; पण गोळी जिभेखाली घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला विकणे त्याने थांबत नाही. यावर उपाय नाही असे नाही. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातल्या केंद्रांवर गोळी चुरून जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत रुग्णाला समोर बसवून ठेवतात. सुरुवातीचे महिने समोर औषध, मग विश्वास बसेल तसा आठवड्याचा पुरवठा, आणि प्रत्येक गोळीची नोंद, एवढे केले तर गळती आटोक्यात राहते. तुरुंगात तर हे आणखी सोपे आहे. मालेगावात झोपेच्या गोळ्या 'कुत्ता गोळी' म्हणून विकल्या जाताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना गोळ्यांच्या नावाने धडकी भरते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना उत्तर हिशेबाच्या वहीनेच द्यावे लागेल.

याच ओघात आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचा, कारखाना उघडकीस आल्यापासून आपल्याकडे 'ड्रग्ज' म्हटले की एमडीच डोळ्यांपुढे येते. एमडी अफूच्या जातीचे नाही. त्याला, गांजाला किंवा दारूला ब्युप्रेनॉर्फिन लागू पडत नाही, आणि एमडीसाठी तसे दुसरे पर्यायी औषधही आज नाही. मी जे मागतो आहे ते गर्द, अफू, कोडीनचे खोकल्याचे औषध, एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलेले ट्रॅमाडॉल, अशांच्या आहारी गेलेल्यांसाठी. हा गटही लहान नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक असे पदार्थ घेतात आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना उपचारांची गरज आहे. ही गरज ज्या मोजक्या राज्यांत एकवटली आहे, त्यांत महाराष्ट्र आहे.

गावाला हे पटेल का, या प्रश्नावर मी बराच विचार केला आणि मला उत्तर क्षयरोगात सापडले. एक काळ असा होता की क्षयाच्या रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवत, लग्न जमवताना घरातला क्षय लपवत, आणि आजारही पापाचे फळ समजत. मग १९९७ पासून डॉट्स आले. अंगणवाडीताई किंवा पुढे आशाताई दिवसाआड रुग्णाला समोर बसवून गोळ्या खाऊ घालू लागली, कार्डावर खूण करू लागली, आणि सहा महिने गोळी चुकली नाही तर माणूस बरा होतो हे गावाने डोळ्यांनी पाहिले. गावाचे मत कोणत्याही भाषणाने बदलले नाही, त्या कार्डावरच्या खुणांनी बदलले. समोर गोळी घ्यायची, न चुकता घ्यायची, मध्येच बरे वाटले म्हणून सोडायची नाही, ही शिस्त आपल्या खेड्यांना नवी नाही. फरक इतकाच, की क्षयाच्या गोळीला शेवटची तारीख असते आणि या गोळीची तारीख डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात.

म्हणून मला जिल्ह्यात काय व्हावेसे वाटते ते सांगतो. ताब्यात घेतलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी कायद्याने होतेच. तिथेच अफूच्या जातीच्या पदार्थांची सवय आहे का हा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर 'होय' असेल तर चोवीस तासांच्या आत औषध मिळावे. तुरुंगाच्या दवाखान्यात ब्युप्रेनॉर्फिन ठेवले जावे आणि आधीपासून उपचार चालू असलेल्याचे औषध दारातच तोडले जाऊ नये. सुटकेच्या दिवशी हातात नुसता सुटकेचा कागद न देता पुढच्या औषधाची चिठ्ठी, ठिकाण आणि तारीख दिली जावी, आणि ते ठिकाण जिल्हा रुग्णालयच असेल तर सुरगाणा किंवा पेठच्या माणसाला रोज एसटीने येणे परवडणार नाही हे लक्षात घेऊन ग्रामीण रुग्णालयापर्यंत ते नेले जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आधीच अस्तित्वात आहे. नवी इमारत लागणार नाही. श्वास अडकलेल्या माणसाला परत आणणारे नॅलोक्झोन रुग्णवाहिकेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असावे. आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात, विधी सेवा प्राधिकरणाच्या गावोगावच्या शिबिरांत हा विषय गावासमोर मांडला जावा. आडवी बाटलीच्या मतदानात ज्या बायांनी अर्ध्याहून अधिक मते गोळा करून दारूचे दुकान बंद पाडून दाखवले, त्यांच्यापुढे मांडला जावा असे मला विशेष वाटते, कारण घरात व्यसन आले की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त त्याच सोसतात.

त्या दिवशी पारावर हे सगळे मी इतके नीट सांगू शकलो नव्हतो. उन्हे उतरेपर्यंत बसलो, टीबीच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली, गोळी कोण देणार आणि कोठे देणार हे पुन्हा पुन्हा सांगितले. माळकरी बाबा उठताना म्हणाले की मला अजून पटले नाही. मग धोतर सावरत त्यांनी विचारले, की आशाताई समोर बसून देणार असेल तर कार्ड कोणाकडे राहील. मी म्हणालो, हवे तर तुमच्याकडे ठेवा. आठवड्यानंतर सातबारा घेऊन न्यायालयात दोन जण आले. बाबा त्यांतले एक होते. मुलाला सोडवायला ते आत आले नाहीत, बाहेर झाडाखाली उभे राहिले, आणि तो आला तेव्हा त्यांनी त्याला आधी हे विचारले, की आजची गोळी घेतलीस का. घेतली नव्हती, कारण तिथे ती मिळतच नव्हती. तिथून आम्ही तसेच दवाखान्यात गेलो.